नव्या गाडीचं ॲव्हरेज मिळत नाही? पहिल्या टाकीपासून ग्राहक आयोगापर्यंत काय करायचं

शोरूममध्ये वीसचं ॲव्हरेज सांगितलेलं असतं आणि हातात तेरा पडतं. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पहिल्या दोन सर्व्हिसिंग होऊ द्या सर, वाढेल." दोन्ही सर्व्हिसिंग होतात, ॲव्हरेज तेरावरच राहतं आणि दुसरं ठरलेलं उत्तर येतं: "ते तुमच्या चालवण्यावर आहे." या दोन उत्तरांच्या मधला काळ तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा असतो, आणि बहुतेक लोक तो वाट बघण्यात घालवतात. पुढे आयोगासमोर लागणारा जवळजवळ सगळा पुरावा याच महिन्यांत तयार होतो. नंतर तो तयार करू म्हटलं तरी होत नाही.

अशा तक्रारी जिंकता येतात का? येतात. दिल्लीतल्या एका ग्राहकाने २००४ साली मारुतीची झेन घेतली. जाहिरातीत १६ ते १८ किमी प्रतिलिटरचा दावा होता, प्रत्यक्षात १०.२ मिळत होतं. जिल्हा मंचाने (आताच्या जिल्हा आयोगाने) एक लाख रुपये भरपाई दिली, राज्य आयोगाने ती कायम ठेवली आणि जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय आयोगानेही ती जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. केरळमध्ये त्रिशूरच्या जिल्हा आयोगाचा २०२२ च्या अखेरचा निकाल याहून बोलका आहे. २०१४ साली घेतलेल्या फोर्डच्या डिझेल गाडीसाठी ३२ चा दावा होता. आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञाने गाडी तपासली तेव्हा १९.६ भरलं. ग्राहकाला खर्चासह ३ लाख १० हजार रुपये द्यायचा आदेश झाला.

दोन्ही निकालांत ग्राहकाच्या हातात दाव्याचा छापील पुरावा होता, आणि दुसऱ्यात तर आकडा तिसऱ्याच, तटस्थ माणसाने मोजलेला होता. फेटाळल्या गेलेल्या तक्रारी वाचल्या की नेमकं हेच कमी पडलेलं दिसतं: "मला ॲव्हरेज मिळत नाही" एवढं ग्राहकाचं म्हणणं, आणि त्याला तांत्रिक आधार काहीच नाही.

आधी ठरवा, तुमचं गाऱ्हाणं नेमकं कोणतं

कमी ॲव्हरेजच्या तक्रारी तीन प्रकारच्या असतात आणि तिघींची ताकद वेगवेगळी.

पहिली: "एआरएआयचा आकडा २०.५ आहे, मला १५ मिळतं." (एआरएआय म्हणजे गाड्यांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणारी संस्था.) एकटीच उभी केली तर ही सगळ्यात कमजोर. कारण पुढे सांगतो.

दुसरी: "मला रस्त्यावर एवढं मिळेल असं सांगून गाडी विकली." जाहिरात, माहितीपत्रक, सेल्समनचा व्हॉट्सॲप मेसेज, कोटेशनवर पेनाने लिहिलेला आकडा, यातलं काहीही हातात असेल तर ही तक्रार भक्कम. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्हींच्या व्याख्या स्वतंत्र आहेत, आणि हे गाऱ्हाणं त्यांत सरळ बसतं.

तिसरी: "याच मॉडेलच्या, याच इंजिन-गिअरबॉक्सच्या बाकीच्या गाड्या सोळा-सतरा देतात, माझीच बारा देते." ही वस्तूतल्या दोषाची तक्रार. यात जाहिरात नसली तरी चालेल, पण तुलना आणि तांत्रिक तपासणी लागते.

एकाच तक्रारअर्जात दुसरी आणि तिसरी बाजू एकत्र मांडता येते, आणि शक्य असेल तर तसंच करावं. मात्र आपल्याकडे "गाडी आवडली नाही, परत घ्या" असा सरसकट हक्क देणारा कायदा नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०ए आलं आणि सदोष गाड्या परत मागवायचा अधिकार सरकारला मिळाला, पण तो पर्यावरणाला किंवा माणसांना धोका असेल तेव्हाचा. कमी ॲव्हरेज त्यात येत नाही. आपली वाट ग्राहक कायद्याचीच.

एआरएआयचा आकडा कुठून येतो

पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली एआरएआय ही गाड्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी एक. चाचणीत गाडी रस्त्यावर जातच नाही. ती रोलरवर उभी असते आणि चालक पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग वाढवतो-कमी करतो. हे ठरवून दिलेलं चक्र जेमतेम वीस मिनिटांचं असतं, त्यात कमाल वेग ताशी ९० किमी आणि सरासरी ताशी तिशीच्या आसपास. एसी बंद. धुरातल्या कार्बनच्या हिशेबाने इंधन किती जळलं ते काढतात.

आता सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सातला, एसी चालू ठेवून, गाडीत चार माणसं घेऊन निघा. त्या आकड्यापेक्षा वीस ते तीस टक्के कमी मिळणं हे सर्वसाधारण अनुभवातलं आहे, आणि आयोगही ते गृहीत धरतो. म्हणून फरक याच्या आत असेल तर माझा प्रामाणिक सल्ला असा की आयोगाची पायरी चढू नका. कंपनीला लिहा, तपासणी करून घ्या, तिथे थांबा. फरक पस्तीस-चाळीस टक्क्यांवर असेल, किंवा तुमच्याकडे लेखी आश्वासन असेल, तर पुढे चला.

मोजणी अशी करा की कुणी बोट ठेवू नये

डॅशबोर्डवरचा आकडा पुरावा म्हणून वापरू नका. तो गाडीचा स्वतःचा अंदाज असतो आणि बऱ्याचदा खऱ्यापेक्षा जास्तच दाखवतो. (कंपनीच्या आकड्यापेक्षा तोही खूप कमी असेल तर फोटो मात्र काढून ठेवा.) खरी पद्धत जुनीच, टाकी फुल ते टाकी फुल.

पंप एकच ठरवा, जमल्यास नोझलही तीच, आणि वेळ सकाळची. नोझल पहिल्यांदा खट्ट करून बंद पडली की तिथेच थांबायचं. पंपावरचा मुलगा हमखास विचारतो, "राउंड फिगर करू का?" नको म्हणा. त्या राउंड फिगरच्या नादात अर्धा-एक लिटर जास्त जातं आणि सगळा हिशेब वाकडा होतो. ओडोमीटरचा फोटो घ्या, ट्रिप मीटर शून्य करा, छापील पावती मागून घ्या आणि तिच्यावर तिथल्या तिथे किलोमीटर लिहा. थर्मल कागदाची पावती काही महिन्यांत पुसट होते, म्हणून तिचाही फोटो हवाच.

पुढची भर टाकी बऱ्यापैकी रिकामी झाल्यावर घाला. दहा लिटरवर मोजलं तर एका लिटरच्या चुकीने दहा टक्के फरक पडतो, तीस लिटरवर तीन टक्के. पहिले हजार-दीड हजार किलोमीटर सोडून द्या, कारण कंपनी ते नाकारणारच. त्यानंतरच्या सलग चार-पाच टाक्या पुरतात. एका वहीत तारीख, ओडोमीटर, लिटर, पंप, टायरमधली हवा, किती माणसं, एसी आणि रस्ता कोणता, एवढं लिहीत जा. नोंद अशी दिसेल: "४१२ किमी, ३१.४ लिटर, ॲव्हरेज १३.१. बहुतांश शहर, एसी चालू, दोघं." मधल्या एखाद्या टाकीचा आकडा चांगला आला तरी तोही लिहा. निवडक नोंदी उलटतपासणीत लगेच उघड्या पडतात.

पंपाचीच शंका असेल तर ती आधी मिटवा. प्रत्येक पंपावर वैधमापनशास्त्र विभागाने प्रमाणित केलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यातून मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्याहून जास्त असेल तर विभागाकडे तक्रार करा. निदान दोन टाक्या दुसऱ्या कंपनीच्या पंपावर भरून पाहणं तर सहज जमतं.

समोरून येणारी कारणं आधीच तपासून टाका

टायरमधली हवा दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा आणि थंड टायरवर मोजा. अलाइनमेंट करून घ्या. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून आल्यावर चारही रिम सावधपणे हाताने पाहा, एखादीच जास्त तापली असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय. नव्या गाडीतही हे आढळतं, आणि ॲव्हरेज खाणारं हे कारण सर्व्हिस सेंटरला अर्ध्या तासात सापडू शकतं. डिझेल गाडी रोज चार-पाच किलोमीटरच चालत असेल तर धुराचा फिल्टर स्वतःला साफ करण्यात इंधन जाळतो, ते वेगळं लक्षात घ्या.

रुंद टायर, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट, छतावरचा कॅरिअर, यातलं काहीही तक्रार मिटेपर्यंत गाडीला लावू नका. नुसत्या मोठ्या टायरनेही ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतो आणि तुमची सगळी वही बाद होते.

आता ई-२०. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून "आम्ही काय करणार, पेट्रोलच तसं आहे" हे उत्तर सगळीकडे मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं हे खरंच. पण किती? नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात दिलेला अंदाज असा: ई-१० साठी बनवलेल्या आणि ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकीत एक ते दोन टक्के, आणि मुळात बिनइथेनॉल पेट्रोलसाठी बनवून ई-१० ला जुळवलेल्या गाडीत सहा ते सात टक्के. तुमची गाडी नवी आहे, ई-२० ला चालेल असं कंपनीनेच ओनर्स मॅन्युअलमध्ये आणि पेट्रोलच्या झाकणामागे लिहिलं आहे. वीसचे तेरा इथेनॉलमुळे होत नाहीत. हे आकडे पत्रव्यवहारात स्पष्ट लिहा, म्हणजे तो मुद्दा पुन्हा निघणार नाही.

याच टप्प्यावर त्याच मॉडेलचे मालक शोधा. प्रत्येक गाडीचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात. इंधन, इंजिन, गिअरबॉक्स तेच असलेले दोघं-तिघं मिळाले आणि त्यांनी त्यांच्या टाकीच्या नोंदी प्रतिज्ञापत्रावर द्यायची तयारी दाखवली, तर वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारच्या तक्रारीला खरा कणा मिळतो.

जॉबकार्ड आणि मायलेज चाचणी

सर्व्हिस सेंटरला तोंडी सांगितलेलं कायद्याच्या दृष्टीने सांगितलेलंच नसतं. गाडी देताना जॉबकार्डवर "ॲव्हरेज १३, दाव्यापेक्षा खूप कमी, तपासणी करावी" असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा. सर्व्हिस ॲडव्हायझर ते "जनरल चेकअप" असं टाइप करतो, तेव्हा सही करण्याआधी वाचा. गाडी परत घेताना "काम समाधानकारक" अशा ओळीखाली सही मागतात. तक्रार मिटली नसेल तर सहीच्या वर पेनाने लिहा: "ॲव्हरेजची तक्रार कायम." एवढ्या तीन शब्दांनी पुढे फार मोठा फरक पडतो. प्रत्येक सर्व्हिसिंगला हेच करा, आणि सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच, वेळेवर करा.

काही दिवसांनी डीलर स्वतःच म्हणेल, "आमच्या माणसाबरोबर मायलेज टेस्ट करू." ही चाचणी नाकारू नका, पण ती कशी होते ते समजून घ्या. तंत्रज्ञ टाकी फुल करतो, एसी बंद करतो, काचा वर करतो, गाडी सकाळच्या मोकळ्या हायवेला काढतो आणि वरच्या गिअरमध्ये पन्नास-साठच्या स्थिर वेगाने, ब्रेकला पाय न लावता तीस-चाळीस किलोमीटर नेऊन आणतो. परत येऊन टाकी भरतो, दोन लिटरही मावत नाहीत आणि आकडा २२ येतो. जॉबकार्डवर "मायलेज ओके, ग्राहकाला समजावून सांगितले" असं छापून येतं. तुम्ही सही करता. पुढे आयोगात कंपनीचा वकील सगळ्यात आधी दाखवतो तो हाच कागद.

म्हणून चाचणीआधी ईमेलने अटी ठरवा. किमान शंभर किलोमीटर अंतर, त्यात निम्मं शहर आणि निम्मा हायवे. जाता-येता तोच रस्ता, म्हणजे चढ-उताराचा फरक निघून जाईल. एसी चालू. अर्धा वेळ त्यांचा चालक, अर्धा वेळ तुम्ही. भर त्याच पंपावर, त्याच नोझलने, पहिल्या खट्टपर्यंत. निकालाच्या कागदावर अंतर, लिटर, वेग, एसी, माणसं या सगळ्याची नोंद आणि दोघांच्या सह्या. त्यांनी या अटी नाकारल्या तर त्या नकाराचा ईमेलही पुरावाच. आणि त्यांच्याच पद्धतीने चाचणी झाली तर कागदावर सही करताना लिहा: "एसी बंद, स्थिर वेग, फक्त हायवे. या निष्कर्षाशी असहमत."

गाडी कॉम्प्युटरला जोडून केलेल्या तपासणीचा छापील अहवालही मागा. "काही एरर नाही" असा अहवाल आला तरी घ्या. तुम्ही पुन्हा पुन्हा गाडी दाखवली आणि त्यांनी काय-काय पाहिलं, हे त्यावरून दिसतं.

लेखी तक्रार, नोटीस, हेल्पलाइन

पहिलं पत्र डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकाच ईमेलमध्ये पाठवा. भाषा साधी ठेवा, राग नको. मजकूर साधारण असा:

"मी दि. … रोजी आपल्याकडून … ही गाडी (चासी क्र. …) रु. … ला खरेदी केली. खरेदीपूर्वी आपल्या प्रतिनिधीने दि. … च्या व्हॉट्सॲप संदेशात, तसेच सोबत जोडलेल्या जाहिरातीत, ही गाडी … किमी प्रतिलिटर देते असे सांगितले होते. दि. … ते … या काळातील पाच टाक्यांच्या नोंदींनुसार सरासरी … किमी प्रतिलिटर येते. दि. … आणि दि. … च्या जॉबकार्डांवर ही तक्रार नोंदवली आहे. कारण शोधून दोष दूर करावा आणि केलेल्या तपासणीचा लेखी अहवाल १५ दिवसांत द्यावा."

उत्तर बहुधा येतं ते "प्रमाणित चाचणी परिस्थितीतील आकडा" या एका वाक्याचं. ते जपून ठेवा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात आकडा आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात "अटी लागू" असेल, तर जून २०२२ ची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं तुमच्या बाजूची आहेत. तळटीप मूळ दाव्याच्या विरोधात जाऊ शकत नाही, महत्त्वाची माहिती लपवू शकत नाही, दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत ती हवी आणि सहज वाचता यायला हवी. मराठी वर्तमानपत्रातल्या मराठी जाहिरातीखाली इंग्रजी तळटीप असेल तर तो मुद्दा जरूर मांडा.

यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. इथे आदेश होत नाही, पण तक्रार कंपनीच्या वरच्या पातळीवर जाते आणि बऱ्याचदा एखादी मोफत तपासणी, वॉरंटी वाढवून देणं असा प्रस्ताव येतो. पटला तर घ्या, लेखी घ्या. जाहिरातच खोटी असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे, किंवा कलम १७ प्रमाणे थेट तुमच्या जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार देता येते. प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड लावू शकतं. तो दंड तुमच्या खिशात येत नाही, पण पुढच्या गिऱ्हाइकाची फसवणूक थांबू शकते, म्हणून ही तक्रार करावी असं मला मनापासून वाटतं.

आयोगात जाण्याआधी नोटीस देणं कायद्याने सक्तीचं नाही. तरीही पंधरा दिवसांची एक नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच सांभाळा. वकिलाकडूनच गेली पाहिजे असं नाही.

या सगळ्या काळात गाडीचे हप्ते थांबवू नका. कर्ज बँकेचं आहे, तिचा ॲव्हरेजशी संबंध नाही, आणि बिघडलेला क्रेडिट स्कोअर कोणताही आयोग दुरुस्त करून देत नाही.

जिल्हा आयोगात

मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. पत्रं, ईमेल, हेल्पलाइन चालू आहे म्हणून ती आपोआप लांबत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं. वर्षभरात निर्णय घ्या.

कुठे दाखल करायची? तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात. गाडी मुंबईत घेतली आणि तुम्ही लातूरला राहत असाल तर लातूरच्या आयोगात चालते, ही २०१९ च्या कायद्याची मोठीच सोय. गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय आयोग. फी किरकोळ आहे: ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. महाराष्ट्रात तक्रार मराठीतून देता येते आणि वकील नसला तरी स्वतः बाजू मांडता येते. पहिल्यांदाच जात असाल तर मुंबई ग्राहक पंचायत किंवा अखिल भारतीय ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांशी आधी बोला.

गाडी टॅक्सी म्हणून घेतली असेल तर? स्वतः चालवून पोट भरत असाल तर तुम्ही ग्राहकच. दहा गाड्या भाड्याने लावणारा व्यावसायिक मात्र ग्राहक ठरत नाही.

प्रतिपक्ष म्हणून डीलर आणि उत्पादक दोघांनाही घाला. गोव्यातल्या एका प्रकरणात डीलरने ठरलेल्या मॉडेलऐवजी जुन्या वर्षाची गाडी माथी मारली होती. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की डीलर आणि उत्पादक यांच्यातला करार दोन स्वतंत्र व्यावसायिकांमधला असेल तर डीलरच्या कृत्याला, माहिती असल्याचं सिद्ध झाल्याशिवाय, उत्पादक जबाबदार ठरत नाही. म्हणून अर्जात वेगवेगळं लिहा: सेल्समनचं आश्वासन आणि तक्रारीकडे केलेलं दुर्लक्ष डीलरच्या माथी, जाहिरात आणि गाडीतला दोष उत्पादकाच्या. आणखी एक, काही वकील अशा अर्जात ग्राहक कायद्यातलं "उत्पादन दायित्व" (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची जबाबदारी) हे प्रकरण घालतात. त्या प्रकरणातल्या "हानी"च्या व्याख्येतून खुद्द वस्तूचं नुकसान आणि आर्थिक तोटा वगळलेला आहे. ॲव्हरेजसाठी ते उपयोगाचं नाही. दोष, सेवेतली त्रुटी, अनुचित व्यापारी प्रथा, या तिन्हींवर उभे राहा.

सगळ्यात महत्त्वाचा अर्ज यानंतरचा, आणि तो बहुतेक जण करतच नाहीत. कलम ३८(२)(सी) प्रमाणे, तपासणीशिवाय दोष ठरवता येणार नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि अहवाल ४५ दिवसांत मागवू शकतो. तक्रारीसोबतच हा अर्ज द्या. त्यात म्हणा की एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई (संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था) किंवा आयोगाला योग्य वाटेल त्या संस्थेकडून चाचणी व्हावी. ते शक्य नसेल तर शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील तज्ज्ञ अथवा मोटार वाहन निरीक्षकाला आयुक्त (म्हणजे आयोगाच्या वतीने तपासणी करणारा) नेमून, दोन्ही पक्षांसमोर रस्त्यावर चाचणी घ्यावी. त्रिशूरच्या ग्राहकाला निकाल मिळाला तो अशाच तज्ज्ञ आयुक्ताच्या अहवालावर. चाचणीची फी आधी तुम्हाला भरावी लागेल, जिंकल्यास खर्च म्हणून मागता येते.

व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट, ईमेल, फोटो जोडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र सोबत द्या, म्हणजे त्यावर हरकत घ्यायला जागा राहत नाही. तो मेसेज ज्या फोनवर आला तो फोन विकू नका.

प्रतिपक्षाला उत्तर द्यायला ३० दिवस, जास्तीत जास्त आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने पक्कं केलं आहे. तारीख मोजून ठेवा आणि उशीर झाला तर तोंडी नव्हे, अर्ज देऊन हरकत घ्या. कायदा म्हणतो चाचणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यावा. प्रत्यक्षात वर्षं जातात, तेवढी मनाची तयारी हवी. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर तो गांभीर्याने घ्या.

मागायचं काय

झेनच्या ग्राहकाने गाडीचे पूर्ण पैसे परत मागितले होते, मिळाली ती भरपाई. पूर्ण किंमत परत मिळते ती गाडीत मोठा उत्पादनदोष सिद्ध झाला तर, आणि तुम्ही तोवर साठ हजार किलोमीटर फिरवली असेल तर तेही अवघड. म्हणून मागण्या उतरत्या क्रमाने लिहा: दोष दूर करावा, नाही तर गाडी बदलून द्यावी किंवा किंमत परत करावी, नाही तर इंधनाचा जादा खर्च भरून द्यावा. सोबत मनस्तापाची भरपाई, तक्रारीचा खर्च आणि दिशाभूल करणारी जाहिरात मागे घेऊन दुरुस्तीची जाहिरात द्यावी ही मागणी.

इंधनाचा हिशेब कागदावर मांडा. दावा २० चा, मिळतं १३, वर्षाला १२,००० किमी, पेट्रोल १०४ रुपये. वीसच्या हिशेबाने ६०० लिटर लागायला हवं होतं, लागलं ९२३. फरक ३२३ लिटर, म्हणजे वर्षाला साधारण ३३,६०० रुपये. वाहतूक आणि एसीची सूट देऊन सोळाचा आकडा वाजवी धरला तर फरक १७३ लिटर, म्हणजे वर्षाला १८ हजार. मी दुसरा हिशेब मुख्य मागणीत घालायला सांगेन. स्वतःहून सूट देऊन मागितलेला आकडा आयोगाला पटतो, आणि पाच-सात वर्षांच्या वापराने गुणला तरी तो लहान राहत नाही.

आदेशानंतर

आदेशाची प्रमाणित प्रत विनामूल्य मिळते. ४५ दिवसांत कुणालाही राज्य आयोगाकडे अपील करता येतं, पण कंपनीला अपील करायचं तर आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपील नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. कलम ७१ खाली दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली होते, आणि कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. दोन्ही अर्ज एकत्र द्या. बऱ्याच कंपन्यांचे धनादेश दुसऱ्या कलमाची नोटीस पोचल्यावरच निघतात.